पावती नसलेल्या वस्तू

सैंदाणे बाई, हिशेब मागितलात,
तर बसा जरा. पंखा चालू आहे तोवर सांगतो.

बावीस हजार मंजूर झाले होते.
जळगावच्या दुकानदाराने एका मशीनचे अठ्ठेचाळीस सांगितले
आणि विचारलं, किती नग देऊ?
मी म्हटलं, प्यायला पाणी द्या.

मग आपल्याच धरणगावातली ती बंद पतसंस्था.
लिलावात तिचे पाच संगणक, नग चोवीसशे.
पावती क्रमांक एक, जोडली आहे.
पाचांतल्या एका पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात,
अजून फिकट अक्षरं दिसतात: एकूण शिल्लक.
वर्षानुवर्षं तेच उघडं राहिलं, काचेत मुरलं.
ओल्या फडक्याने पुसलं. जात नाही.
तन्वीर पिंजारीने त्यावर बोट ठेवलं,
"सर, आमना पैसा यामाच बुडनात."
वर्ग हसला. तो नाही हसला.
आता तो मशीन दुसऱ्याला देत नाही,
आणि प्रत्येक पोस्टरचं शीर्षक
बरोबर त्याच दोन शब्दांवर बसवतो.

जुनी बॅटरी साडेतीन हजार, स्कॅनर अठराशे,
वायरी, पिना, बोर्ड मिळून अकराशे चाळीस.
सॉफ्टवेअर फुकटचं आहे. चोरीचं नाही.
दोन्हींत फरक असतो, हवं तर लिहून देतो.

माऊस तीनच चालतात.
म्हणून एकाने धरायचा, दुसऱ्याने सांगायचं:
वर, अजून वर, थांब, गेलं ना पुढे!
हर्षदा बडगुजरला सांगायला बसवलं
तेव्हा कळलं तिला किती दिसतं ते.
"पिवळा नको रे असा. केळीच्या सालीचा दे,
काळे ठिपके पडायच्या आदल्या दिवशीचा."
माऊसवाला पोरगा अर्धा तास
तो एक दिवस शोधत होता.

कागद विकत घेतलाच नाही.
वाढदिवसांचे फ्लेक्स उतरले की पोरं घेऊन येतात,
उलटी बाजू पांढरी शुभ्र.
उन्हात धरलं तर मागून
शुभेच्छुकांचे गॉगल दिसतात, तेवढं चालवून घ्या.

लाईट जाते, हे तुम्हाला काय सांगायचं.
गेली की फरशीवर खडूने चौकटी आखतो,
एका चौकटीत एक दाणा, ज्वारी नाहीतर उडीद.
लांब जाऊन बघितलं की बैलाचं तोंड दिसतं,
जवळ आलं की नुसतं धान्य.
पिक्सेल म्हणजे काय, ते मी असं शिकवलं.
धान्य पोरांच्या घरचं. संध्याकाळी मोजून परत केलं,
चिमूटभर चिमण्यांनी नेलं, त्याची नोंद नाही.

अक्षरांचं मात्र अडलं.
संगणकात मराठी अक्षरं तीन तऱ्हेची,
तिन्ही सरकारी नोटिशीसारखी.
तेव्हा भटू पेंटरकडे गेलो.
जिनिंगच्या भिंती, ट्रकांच्या पाठी, दवाखान्यांच्या पाट्या
सगळं त्याच्या हातचं होतं, फ्लेक्स येईपर्यंत.
हल्ली मंडईत लसूण विकतो.
म्हणाला, "ब्रश वाळी गया, सर."
तरी आला. दोरा निळीत बुडवला,
दोन पोरींना टोकं धरायला लावली,
मधोमध चिमटीत उचलून सोडला, टण्!
भिंतीवर सरळ शिरोरेखा.
मग तिला खाली एकेक अक्षर लोंबकळवत गेला,
पोरं श्वास धरून उभी.
ती सगळी अक्षरं आम्ही स्कॅन केली.
पापडाच्या बचत गटाचं लेबल त्यांतच झालंय,
ढ थोडा पोटाने सुटलेला आहे,
पण बायकांना तोच आवडला.

शिल्लक साडेतीन हजार साठ... नाही,
तीन हजार पाचशे साठ. माफ करा, अक्षरांचा माणूस मी.
त्यातले पाचशे भटूला मानधन.
व्हाउचरवर सही करा म्हटलं,
तर खिशातली पेन्सिल काढून
त्याने रकान्यात एक भ काढला.
सावकाश. रकाना पुरला नाही,
भ खालच्या ओळीत उतरला,
रकमेचा आकडा त्याच्या पोटात गेला.

पावती क्रमांक सात, ती ही.
तुम्ही बघा, ऑडिटला चालते का.
नसेल चालत तर पाचशे माझ्या पगारातून कापा,
पण कागद मला परत द्या.